दवाओला निघण्याआधी

फैजपूर,
रविवार, दुपार

चि. धनश्री,
अनेक आशीर्वाद.

काल तू तुझ्या केळीच्या अभ्यासदौऱ्यावरून फोनवर बोलत होतीस आणि मधेच आवाज तुटला. ‘युरोप संपलं की दवाओ, तिथून मनिला, मनिलाहून मुंबई, आणि आई, अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी घरी’ एवढंच ऐकू आलं. अप्पांनी ते लगेच मोठ्या आईच्या कानाशी जाऊन सांगितलं. तेव्हापासून ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे, ‘माही नात येऊ राह्यली आखाजीले.’ मी मात्र फिलिपिन्समधल्या दवाओ या नावापाशीच अडकले.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. अप्पा मधे बोलतात, बंटी मधे बोलतो, आणि तुझ्या मागे तुम्हा सगळ्यांचा गलका. म्हणून लिहायला बसले. तू आज एका गावात, परवा दुसऱ्या देशात, तेव्हा पाकीट कुठे टाकणार? वहीच्या पानांवर लिहिते, बंटी फोटो काढून पाठवेल. फ्रान्सला, माँपेलिएच्या गाडीत बसलीस की निवांत वाच.

काळजीचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते जमेलसं दिसत नाही. निदान आधी आनंदाचं लिहिते.

लंडनच्या क्यू बागेतला तुझा फोटो आम्ही मोठा करकरून पाहिला. काचेच्या त्या उंच घरात तू केळीजवळ उभी आहेस, जाड कोट काढून हातावर घेतलेला. अप्पांनी तुझ्याकडे नंतर पाहिलं, पानाकडे आधी. म्हणाले, ‘एक पान फाटलेलं नाही. वारा माहीतच नाही या झाडाला.’ आपल्या बांधावरची शेवरी आणि गजराज गवत वाऱ्याशी किती झगडतं ते त्यांना ठाऊक, म्हणून त्यांना ते अख्खं पान नवलाचं वाटलं. मग तू चॅट्सवर्थची हकिगत सांगितलीस. डेव्हनशायरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन, त्याने काचगृहात वाढवलेलं ते मॉरिशसकडचं रोप, १८३५ मध्ये त्याला आलेलं फूल, आणि ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून पडलेलं कॅव्हेंडिश हे नाव. मी इतकी वर्षं हे नाव ऐकते आहे, ते एका घराण्याचं आडनाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. तात्या जन्मभर बसराई लावत आले. बसराई म्हणजे तीच ठेंगणी कॅव्हेंडिश. तात्यांना हे कळलं असतं तर सावद्याच्या स्टेशनावर हमालापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी ते सांगितलं असतं. वॅगन भरायच्या रात्री ते तुला खांद्यावर घेऊन जायचे, आठवतं का? थंडीत केळीच्या वाळक्या पानांवर तू झोपून जायचीस आणि पहाटे तुझ्या केसांतून पानांचा चुरा काढता काढता माझी शाळेची वेळ व्हायची.

बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या विद्यापीठाबद्दल तू जे सांगितलंस ते मी आमच्या भिशीच्या बायकांना सांगितलं, आणि सांगताना माझा मलाच इतका अभिमान वाटला, की जणू तो साठा मीच पाहून आले. जगातला केळीच्या जातींचा सगळ्यात मोठा संग्रह, सोळाशेहून जास्त नमुने. काचेच्या नळीत बोटाएवढी रोपं, सोळा अंशांच्या खोलीत, मंद उजेडात, हळूहळू वाढावीत म्हणून. आणि शिवाय वाढीचे बारीक कोंब द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. इथे आज पंखा गरम वारा फेकतो आहे, पारा चाळीसच्या वर गेला आहे, आणि उणे १९६ म्हणजे काय हे मला कितीही प्रयत्न करून अंगावर आणता येत नाही. त्या नळ्यांत ‘सफेद वेलची’ लिहिलेली एक दिसली तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं तू म्हणालीस. माझ्याही आलं. आपल्या परसात न्हाणीच्या पाण्यावर जगणारी केळी परदेशात इतक्या मायेने कुणी सांभाळतं आहे, हे ऐकूनच आलं.

त्या विद्यापीठाचं ग्रंथालयही तू पाहिलंस. विद्यापीठ १४२५ सालचं. ग्रंथालय पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये जळलं, पुन्हा बांधलं, दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये पुन्हा जळलं, आणि पुन्हा बांधलं. मी शाळेत मुलांना दोन्ही महायुद्धांची सनावळी पाठ करून घेतली, पण जळलेल्या पुस्तकांचं कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. तू त्या मनोऱ्यावर चढलीस का? चढली असशील तर वरून काय दिसतं ते सविस्तर लिही. तुम्ही मुलं फोटो पाठवता आणि लिहीत नाही.

तुझ्या सोबतच्या मुलांविषयी ऐकून फार बरं वाटतं. युगांडाची ती मुलगी, ब्राझीलचा उंच मुलगा, केरळची तुझी खोलीतली जोडीदार. युगांडाच्या मुलीने हिरवी केळी पानात गुंडाळून वाफवली आणि सगळ्यांना जेवू घातलं. तिच्याकडे केळी हे पोटभरीचं अन्न, आपल्याकडे भाकरी तसं. मग तू भरीत केलंस. बामणोदची वांगी नव्हती, काळी जाड सालीची होती, शेगडी विजेची होती, तरी केलंस. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘विजेवर भाजलेल्या वांग्याला धूर कुठून येणार?’ पण दिवसभर खूश होते. एका केळीपायी इतक्या देशांतली मुलं एका टेबलाशी बसतात, एकमेकांच्या शेताची चौकशी करतात, हे तुझ्या वयात मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. माझा सगळ्यात लांबचा शैक्षणिक दौरा म्हणजे डीएडच्या वर्गाची अजिंठ्याची सहल.

आता मूळ गोष्टीवर येते.

बेल्जियममध्ये हा साठा का ठेवला, ते तूच समजावलंस. तिथे केळी पिकत नाही. शेजारच्या बागेतून रोग यायची भीती नाही आणि नमुन्यातला रोग शेजारच्या बागेत जायची भीती नाही. हे ऐकलं आणि माझं मन निवलं. तू ल्यूव्हनमध्ये होतीस, नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनमध्ये होतीस, तोवर मला झोप लागत होती. तिथल्या रस्त्यावरच्या मातीत आपल्या बागेला मारणारं काही नाही. पण दवाओ? तिथे तर मैलोन्‌मैल केळी, तीही कॅव्हेंडिश, आणि त्या मातीत तो रोग.

दिवाळीत तू आली होतीस तेव्हा राममंदिराच्या ओट्यावर शेतकऱ्यांना जमवून हेच सांगत होतीस. मी मागे खांबाला टेकून ऐकत होते. तुझ्या अप्पांचे मित्र तुझ्यासमोर मांडी घालून बसलेले, आणि तू तात्यांच्या जुन्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवलेला. तू म्हणालीस, पूर्वी जगभर विकली जायची ती ग्रो मिशेल नावाची जात. पनामा रोगाने तिच्या बागाच्या बागा बसवल्या, आणि १९५०-६० च्या सुमारास व्यापाऱ्यांना तिचा नाद सोडावा लागला. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण तिला तो रोग होत नव्हता. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-फोर, कॅव्हेंडिशलाच धरतो. आपली ग्रँड नैन हीसुद्धा कॅव्हेंडिशच. बी नाही, कंदापासून किंवा टिश्यूपासून रोप, म्हणजे सगळी झाडं एकाच रक्ताची. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. खालची पानं कडेने पिवळी पडतात, मग मोडून खोडाभोवती लोंबतात, खोड आडवं कापलं की आत तांबूस-तपकिरी रेषा. औषध नाही. आणि ती बुरशी जाड कवचाचे बीजाणू करून मातीत दशकानुदशकं पडून राहते.

मग तू विचारलंस, ‘दुसऱ्याच्या वावरात जाऊन आल्यावर आपल्या बागेत शिरण्याआधी बूट कोण धुतं?’ एकाचाही हात वर झाला नाही. तू रागावली नाहीस. शांतपणे सांगितलंस, की चिमूटभर माती पुरते, बुटाच्या खाचेत राहिलेली, कोयत्याला चिकटलेली, ट्रॅक्टरच्या टायरमधली. तोच प्रश्न आज मी तुला विचारते आहे, आणि विचारताना मला कसंसंच होतं आहे.

धनू, ज्या बुटांनी तू दवाओच्या बागेत फिरशील ते बूट तिथेच टाक. धुऊन आणू नकोस. टाक. मोजेही टाक. नुसतं जंतुनाशकात बुडवून भागत नाही, आधी ब्रशने चिखल पूर्ण काढावा लागतो, चिखल राहिला की त्याच्याआड औषध पोचत नाही, हे तूच ओट्यावर दाखवलं होतंस, दोन बादल्या मांडून. पँटच्या दुमडीत माती बसते. तुझ्या त्या खाकी पँटला खाली दुमड आहे. कापडी टोपी तू खाली जमिनीवर ठेवतेस, ही तुझी लहानपणापासूनची सवय. मातीचा, पानाचा, कंदाचा कुठलाही नमुना बॅगेत आणायचा नाही, कितीही बारीक असला, कुणीही दिला, तरी. विमानतळावर फॉर्मवर शेताला भेट दिली का असं विचारलं तर खरं लिहायचं. कॅमेऱ्याचं ते तीन पायांचं स्टँड...

बघ, सुरू झाले. तू या विषयात पीएचडी करते आहेस, त्रिचीच्या केळी संशोधन केंद्रात दिवसरात्र याच बुरशीबरोबर असतेस, आणि मी तुला बूट पुसायला शिकवते आहे. पस्तीस मुलांच्या वर्गापुढे उभं राहिल्याची सवय आहे, जात नाही. माफ कर. तुला हे सगळं माहीत आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, हे मला मान्य आहे.

अप्पांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, बिहारात, उत्तर प्रदेशात हा रोग येऊन ठेपला आहे, ट्रक सगळ्या मुलखांतून फिरतात, त्यांची चाकं कोण धुतं? पोरीच्या बुटांचं काय धरून बसलीस? त्यांचं खोटं नाही. पण ट्रकवाल्याला मी पत्र लिहू शकत नाही. तुला लिहू शकते.

आणि त्यांनाही भीती आहे, ते बोलत नाहीत एवढंच. केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला ते वर्ष मी विसरू शकत नाही. पानांवर ते पिवळे पट्टे दिसायला लागले तेव्हा अप्पा रोज पहाटे बॅटरी घेऊन जायचे, एकेक झाड बघायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, ‘आजची थोडीच आहेत, काढून टाकली की झालं.’ दुसऱ्या दिवशी आणखी. तो पसरवणारा मावा कुठून कुठे उडत होता कोण जाणे. मग एक दिवस विहिरीकडच्या पट्टीवर रोटाव्हेटर फिरवायला सांगितला आणि स्वतः घरी येऊन देवघरापुढे बसले. जेवायला उठले नाहीत. तू तेव्हा राहुरीला होतीस, रात्रीच्या बसने आलीस, आल्या आल्या पिशव्या आणि चिमटा घेऊन वावरात गेलीस, उपटलेल्या रोपांची पानं गोळा केलीस. तुझं एम.एस्सी. वेगळ्याच विषयात चाललं होतं. पण त्या दिवशी तू अप्पांना काही समजावलं नाहीस, धीरही दिला नाहीस. नुसती पानं नीट वेगवेगळ्या पिशव्यांत भरलीस आणि प्रत्येकीवर ओळ आणि झाड लिहिलंस. मला तेव्हाच कळलं की ही आता याच वाटेने जाणार.

पण बाळा, सीएमव्ही गेला. पुढच्या वर्षी कापूस घेतला, त्यानंतर नवी रोपं आणली, जूनमध्ये लावायची मृगबाग पुन्हा उभी राहिली, यंदा तिच्याच फुटव्यांची पीलबागही चांगली आहे. जमीन आपली राहिली. हा दुसरा रोग जमिनीतच ठाण मांडतो. मग अप्पांनी काय करायचं? वयाच्या या टप्प्यावर त्यांना केळीशिवाय दुसरं काही करता येणार नाही. बंटीचं तुला माहीतच आहे. आणि आपल्या एकट्याचं तरी कुठे आहे? रावेर, यावल, चोपडा, सगळी एकाच जातीवर उभी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी शाळेत मुलांना केळी वाटली होती. ते सगळं डोळ्यांपुढे येतं, आणि मग तुझे ते तपकिरी बूट येतात.

गावात लोक विचारतात, ‘पोरगी परत येईल ना हो बाई? एकदा तिकडं गेलं की...’ खिरोद्याच्या मावशीनेही विचारलं. त्यांना काय सांगू की मला ती काळजी कधीच नव्हती. मला उलटीच आहे. तू येशील, बॅग ओसरीवर टाकशील, आणि पाच मिनिटांत मागच्या दाराने वावरात जाशील. प्रत्येक वेळी तू हेच करतेस. हात न धुता, चहा न घेता. त्रिचीहून आलीस की अप्पा दारात उभे राहतात तेच मुळी तुझ्याबरोबर निघायला. मला तुमच्या दोघांचं ते जाणं फार आवडतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसता. आणि आता मीच तुला म्हणते आहे, की यंदा आल्याबरोबर वावरात जाऊ नकोस.

हे लिहायला किती जड गेलं ते सांगत नाही. आखाजीला लेक घरी बोलवायची आणि शेताच्या वाटेवर आडवं उभं राहायचं. माझ्या माहेरी आखाजी म्हणजे आम्हा मुलींचा सगळा शिवार. निंबाला झोका, गौराईची गाणी, दुपारभर वावरात हुंदडणं, आमरस आणि खापरावरच्या पोळ्या. सासरहून आलेल्या बहिणी झोक्यावर बसून रडायच्या आणि गायच्या, आम्ही लहान मुली त्यांना झोका द्यायचो. घागर भरून पितरांना दाखवायची, त्यावर खरबूज ठेवायचं, ते काम आजी मला द्यायची. तुलाही मी ते काम दिलं. गेल्या आखाजीला तू त्रिचीला होतीस, तात्यांच्या नावाची घागर बंटीने भरली. त्याने नीट भरली, पण मला चुकल्यासारखं वाटलं. यंदा तू भर.

झोका मळ्यातल्या निंबाला बांधायचा नाही, घरामागच्या निंबाला बांधू. अप्पांना सांगितलं आहे. त्यांनी विचारलं नाही का म्हणून. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या फाटकापाशी गेले तर दिवाळीत तू ठेवायला लावलेला पाय बुडवायचा टब घासून भरून ठेवलेला. तो कोरडा पडून त्यात पाला साचला होता. कुणी भरला हे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. सालदार आखाजीला बदलतो आहे. नव्याला पहिल्याच दिवशी टबाचं सांगणार आहे, तू सांगशील तर जास्त ऐकेल.

आणि बॅगेची चाकं. हे राहूनच गेलं होतं. चाकांच्या मधल्या फटीत माती जाते, तिथे ब्रश पोचत नाही, जुना दातांचा ब्रश लागतो. दवाओच्या शेतावर बॅग नेऊ नकोस. हॉटेलातच ठेव.

परत तेच. जाऊ दे. दुसरं लिहिते.

वाखेनिंगेनच्या काचगृहात मातीशिवाय केळी वाढवतात, नारळाच्या भुशात आणि दगडापासून केलेल्या लोकरीत, हे तू सांगितल्यापासून अप्पांच्या डोक्यातून जात नाही. मला कारण लगेच पटलं. माती नाही म्हणजे मातीतला रोग नाही. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, ‘तापीच्या काळ्या मातीत वाढलेली केळी आणि भुशात वाढलेली, एकाच नावाची कशी?’ तू आलीस की त्यांच्याशी यावर बोल. माझ्याशी बोलताना ते ‘तुला नाही कळायचं’ म्हणतात, तुझ्याशी तसं म्हणत नाहीत.

तुझं वाखेनिंगेनचं भाषण बंटीने लॅपटॉपवर लावलं. इंग्रजी पुष्कळ कळलं, काही नाही कळलं. पण मधे तू ‘मृगबाग’ आणि ‘कांदेबाग’ हे शब्द जसेच्या तसे उच्चारलेस, जूनमधली लागण आणि ऑक्टोबरमधली लागण समजावलीस, ठिबकचं सांगितलंस, थंडीत पानांवर येणाऱ्या चरक्याचं सांगितलंस, तेव्हा समोरची पांढऱ्या केसांची बाई वहीत लिहून घेत होती. त्या क्षणी अप्पा खुर्चीतून थोडे पुढे सरकले. मोठ्या आईला इंग्रजी कळत नाही, तिने ‘कांदेबाग’ ऐकलं आणि म्हणाली, ‘आपलंच सांगू राह्यली वं पोर.’ भाषण संपल्यावर एकाने प्रश्न विचारला, तू थांबलीस, आणि म्हणालीस की याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. मला टाळ्यांपेक्षा ते जास्त आवडलं. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हणायला मला फार उशीर लागला.

माँपेलिएला तुम्हाला वेळ कमी आहे असं दिसतं. तिथली वनस्पतींची बाग १५९३ सालची आहे, फ्रान्समधली सगळ्यात जुनी, ती सोडू नकोस. आणि ल्यूव्हनच्या गोठवलेल्या साठ्याची दुसरी प्रत तिथे ठेवली आहे, तीही बघायला मिळाली तर बघ. एक जागा जळाली, बुडाली, तरी दुसरी राहावी म्हणून दोन ठिकाणी ठेवायचं, हे त्या जळलेल्या ग्रंथालयाच्या गावातल्या लोकांना कुणी वेगळं शिकवायला नको.

दवाओला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. हे नीट वाच, कारण फोनवर माझा आवाज तसा वाटला असेल. तू जायलाच हवंस. ज्यांच्या बागा या रोगाने गेल्या त्यांच्याशी बोलल्याशिवाय, त्यांनी पुढे काय लावलं, कर्ज कसं फेडलं, कुठल्या जाती टिकल्या हे पाहिल्याशिवाय तू ओट्यावर परत येऊन आम्हाला काय सांगणार? तिथल्या बायकांना विचार. पुरुष भाव आणि टनांचं सांगतील. बायका सांगतील की घरात काय झालं. ते लिहून आण. ते आणलंस तर चालेल.

तर आता ठरलं ते असं. मुंबईहून आलीस की सरळ घरी. न्हाणीत पाणी तापवून ठेवते. अंगावरचे कपडे आणि बॅगेतले सगळे कपडे गरम पाण्यात, सोड्यात. बॅग ओसरीवर येणार नाही, रस्त्याकडच्या बाजूला सिमेंटच्या कोब्यावर राहील, तिथे मी स्वतः धुईन. वावरात कधी जायचं ते तू ठरव. या विषयातलं तुला कळतं, मला नाही. तू म्हणालीस आजच चालेल तर मी आडवी येणार नाही. पण बूट नवे घालायचे. तुझा नंबर सहा की सात ते नक्की कळव, बाजारातून आणून ठेवते. मागच्या वेळी सहा आणले तर तुला चावले होते. आणि रंग तपकिरी नको.

तब्येत सांभाळ. केरळच्या मैत्रिणीलाही आखाजीला घेऊन ये म्हणावं, तिला सुट्टी असेल तर. तिचाही नंबर कळव.

तुझी,
आई

ता.क. अप्पा म्हणतात, दवाओच्या मोठ्या बागांत कापलेले घड तारेवर टांगून, लांबच्या लांब पॅकिंगच्या शेडपर्यंत ओढत नेतात, एकही घड डोक्यावर वाहत नाहीत, असं त्यांनी ऐकलं आहे. ती तार किती उंच असते, खांब किती अंतरावर, आणि घड अडकवायची कप्पी कशी असते, याचे फोटो जवळून काढून आण. घडाचे नकोत, कप्पीचे. दोन्ही बाजूंनी.